पत्र्याची आतली बाजू

बॉनेट

बॉनेटवर वीसेक वर्षं भात झोडलं गेलं होतं.

कमळूला आधी काही उलगडेना. मुरबाडचा एस.टी. स्टँड मागे टाकून शहापूरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला त्याची पत्र्याच्या कामाची शेड आहे, आणि शेडच्या मागे घर. तिथे ठोकलेल्या जीपगाड्या त्यानं सरळ केल्या, पलटी झालेले टेम्पो सरळ केले, बैलाच्या शिंगानं भोसकलेली एक रुग्णवाहिकासुद्धा सरळ केली. पोचा पाहून तो सांगायचा, झाड होतं की खांब होता, ड्रायव्हर जागा होता की पेंगत होता. पण हे पोचे वेगळेच होते. शेकडो, उथळ, बोटभर लांब, सगळे एकाच दिशेला झुकलेले. कोणी रोज येऊन गाडीला नेमानं मारावं तसे.

गाडी सत्तर सालची डॉज. अमेरिकन. दोनच दरवाजे, लांबलचक नाक आणि नाकाखाली आठ सिलिंडरचं इंजिन. गाडीमालक शेठच्या चुलत्यांनी ती हौसेनं घेतली, टोकावड्याजवळच्या फार्महाऊसवर आणून गोठ्यात लावली आणि ते वारले. आता शेठला ती पुन्हा होती तशी हवी होती.

उलगडा गोदूनं केला. गोदू म्हणजे त्या फार्महाऊसची राखण करणारी म्हातारी. गाडी नीट उतरते का हे पाहायला ती टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसून आली होती.

"लय चांगली व्हती रे ती," ती बॉनेटवर हात ठेवून म्हणाली. "उतरती, गुळगुळीत. पेंढी आपटली का दाना सरळ खाली चटईवर. फळीवर असं व्हत नाय. शेटला सांगू नको मातर."

काचेखालच्या पन्हाळीत भाताचे चार दाणे रुजून, वाढून, वाळूनही गेले होते. कमळूनं ते काडीनं उचकटून काढले आणि खूप दिवसांनी तो हसला. हसता हसता त्यानं मान वळवून शेडच्या मागच्या दाराकडे पाहिलं. हे कोणाला तरी सांगायला हवं होतं.

दार दीड वर्षं बंदच होतं.


ठोकळा

पोचा काढायला पत्र्याच्या दोन्ही बाजू लागतात. बाहेरून हातोडी, आतून ठोकळा. पत्रा लहान असेल तर एक माणूस दोन्ही हातांनी ते करतो. मोठा असेल तर दोन माणसं लागतात, आणि मध्ये पत्रा असल्यामुळे त्यांना एकमेकांचं तोंड दिसत नाही.

कमळूच्या पलीकडे सत्तावीस वर्षं गिरजा होती. त्याची बायको.

लग्न झालं तेव्हा कमळू ठोकळा म्हणून तुटका वरवंटा वापरायचा. गिरजाचे वडील कसाऱ्याचे, रेल्वेत गँगमन. जावयाची शेड बघायला आले, वरवंटा पाहिला. पुढच्या खेपेला रुळाचा वीतभर तुकडा घेऊन आले. रुळाचा माथा वरून किंचित बाकदार असतो, गाडीच्या पत्र्याला हवा तेवढाच. "ह्यो झिजनार नाय," एवढं म्हणाले आणि तो त्यांनी कमळूच्या नव्हे, लेकीच्या हातात दिला. त्या दिवसापासून आतली बाजू तिची झाली.

बोलायची सोय नव्हती, कारण हातोडीपुढे कोणाचं काय ऐकू येणार. मग दोघांची एक रीत पडली. ती आतून ठोकळ्यानं एकदा टकटकायची: मार. दोनदा: थांब. तीनदा: मी सरकले, आता इथे ये. तो हातोडी घेऊन तिच्या मागे मागे जायचा. उभ्या केलेल्या बॉनेटखालून तिची पावलं तेवढी दिसायची, जोडव्यांसकट.

काम उरकलं की ती बाहेर यायची आणि डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायची. डोळ्यांना न दिसणारं तिच्या तळव्याला दिसायचं. जिथे उंच तिथे खडूनं वर्तुळ, जिथे खोल तिथे फुली. फडकं न घेता नागडाच हात फिरवते म्हणून तो कुरकुरायचा. उघड्या पत्र्याला घामाचा हात लागला की दोन दिवसांत तिथे तांबूस ठसा उमटतो, आणि गिरजाच्या हाताला मीठ जास्त. कमळू पॉलिश पेपरनं तिची बोटं पुसत बसायचा आणि रंग मारायचा.

गिऱ्हाईक बाहेरची बाजू बघतं. कमळूचं नाव झालं.


एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही. हातोडीचा आवाज बाहेरच्या माणसाकडून मोकळ्या हवेत निघून जातो. आतल्या माणसाचं डोकं दरवाजाच्या पोकळीत असतं, टपाखाली असतं. तिथे तो आवाज कोंडतो. कमळूचे कान शाबूत राहिले. गिरजाचे गेले.

एकदम नाही गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग मोबाईल, मग पाठीमागून मारलेली हाक. शहापूरला डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, आवाजापासून लांब राहा, नाहीतर उरलंय तेही जाईल.


आता तो दिवस.

शेडमध्ये चार-पाच जीपवाले बसले होते. गिरजा चहा घेऊन आली. एकानं तिला काही विचारलं, तिला ते कळलं नाही, ती नुसती हसली आणि कप ठेवत राहिली. जीपवाला म्हणाला, "कमळूशेट, वयनीला काय ऐकायलाच येत नाय आता?"

कमळूनं उत्तर दिलं. एकच वाक्य. सगळे खो खो हसले. एकाच्या हातातला चहा सांडला.

गिरजानं सगळ्यांची तोंडं पाहिली. मग कमळूकडे वळून विचारलं, "काय बोललात?"

"काय नाय," तो म्हणाला.

जीपवाले गेल्यावर तिनं पुन्हा विचारलं. त्यानं मान हलवली. जेवताना तिसऱ्यांदा विचारलं. तो म्हणाला, "काय नाय गो, अशीच मस्करी." तिला ते ऐकू आलं की नाही, कोण जाणे.

आठवड्यानं तिचा भाऊ बारकू तिला माहेरी घेऊन गेला. कानांना आराम म्हणून, चार दिवस. ठोकळा तिनं पिशवीत घातला. ते चार दिवस काही सरले नाहीत.


कसारा, पहिली खेप

बॉनेट काही केल्या जमेना. कमळूनं पत्र्याच्या एका बाजूला विटांची चळत लावून तिच्यावर जुना वरवंटा टेकवून पाहिला. हात ताणून पाहिला. पुट्टी भरून मोकळा हो, असं इंजिनचं काम करणारा मितेश म्हणाला. मितेश म्हणजे सरळगावचा, हुशार माणूस, पण त्याच्या मते पत्रा ही इंजिन झाकायची वस्तू. कमळूनं पुट्टीचा डबा उघडला, वास घेतला आणि परत बंद केला.

बुधवारी तो निघाला. मुरबाडहून किन्हवलीमार्गे शहापूर, शहापूरहून दुसरी जीप धरून कसारा. वाटेत सगळं ठरवलं होतं. आधी तब्येत विचारायची, मग त्या दिवसाचं सांगून टाकायचं, मग घरी चल म्हणायचं. तिथपर्यंत आल्यावर विचार अडायचा. घरी चल म्हणजे कुठे? त्याच शेडच्या मागे, त्याच हातोडीच्या आवाजात? घर आणि शेड यांच्यामध्ये एक भिंत, तीही पत्र्याचीच.

गिरजा ओटीवर तांदूळ पाखडत होती. त्याला पाहून तिनं सूप खाली ठेवलं. बारीक झाली होती. केस पांढरे जास्त वाटत होते, की तो इतके दिवस बाहेरच्याच बाजूला उभा होता?

पाणी आलं, चहा आला. तब्येत विचारून झाली. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. ठरवलेलं सगळं राहिलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"ठोकळा पायजे व्हता."

त्याला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. नाही म्हणाली असती तर पुढचं बोलता आलं असतं. ती उठली, आत गेली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला ठोकळा आणून तिनं त्याच्या हातात ठेवला आणि सूप पुन्हा उचललं.

बारकू त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आला.  जीप आली, आणि कमळू आत बसल्यावर खिडकीशी वाकून म्हणाला, "दाजी, लोखंड न्यायला आलात व्हय येवढ्या लांब?"

शहापूरपर्यंत तो ठोकळा मांडीवर घेऊन बसला होता. रुळाचा तुकडा, जड. शेजारच्या बाईनं विचारलं, काय हाय त्यात? तो म्हणाला, घरचंच हाय.


बॉनेट, दुसऱ्यांदा

ठोकळा आला, पण हात आला नाही. विटांवर ठेवलेला ठोकळा टकटकत नाही. कुठे मारू आणि कुठे थांबू, हे विटा सांगत नाहीत.

तरी त्यानं रेटलं. पंधरा दिवस, एकट्यानं, इंच इंच करून. मग तळवा फिरवला. त्याच्या तळव्याला सगळं सपाटच लागलं. तीस वर्षं हातोडी धरलेला तळवा तो. त्याला आता आपल्या घट्ट्यांपलीकडचं काही लागत नव्हतं.

पुढच्या बुधवारी त्यानं बॉनेट पिकअपमध्ये चढवलं. खाली गादी, वर चादर, चारी बाजूंनी दोऱ्या. पिकअपवाला कसाऱ्याला कांदा भरायला रिकामाच जात होता. वाटेत किन्हवलीला एकानं विचारलं, पेशंट हाय का? पिकअपवाला म्हणाला, "हाय. भाताची मारहान झालीय."

बारकूच्या अंगणात बॉनेट दोन खाटांवर ठेवलं. गिरजा ओटीवरून बघत होती.  कमळूनं गोदूची गोष्ट सांगायला हात वर केले, पेंढी आपटल्यासारखे केले, बॉनेटकडे बोट दाखवलं. गिरजाच्या चेहऱ्यावर काही क्षण काहीच नव्हतं. मग तिला कळलं. ती हसली, तोंडाला पदर लावून, दीड वर्षापूर्वीसारखी.

मग ती खाली उतरली, डोळे मिटले आणि नागडा तळवा पत्र्यावर ठेवला. खडू तिच्या कमरेला होता की घरातून आला, हे कमळूनं पाहिलं नाही. वर्तुळ. फुली. फुली. वर्तुळ. बॉनेट भरून गेलं.

मुरबाडला परतल्यावर त्यानं खुणांप्रमाणे ठोकलं. दोन दिवसांनी पत्र्यावर तांबूस बोटं उमटली. पॉलिश पेपर हातात घेऊन तो बराच वेळ नुसता उभा राहिला.

तेव्हापासून हातोडी मुरबाडला आणि तळवा कसाऱ्याला, असं चालू झालं. तिच्या कानांना आवाज लागणार नाही आणि पत्र्याला तिचा हात लागेल. दर बुधवारी गाडीचा एक एक भाग जायचा आणि खुणा घेऊन यायचा. पुढची मडगार्डं गेली. ग्रिल गेली, तिच्यावर तर काही करायचंही नव्हतं. मितेश म्हणाला, "काका, आता आरसा पन न्या दाखवायला." कमळूनं आरसाही नेला.


डिक्कीचं झाकण

हे परत आलं तेव्हा वरच्या बाजूला तीन वर्तुळं आणि पाच फुल्या होत्या. कमळूनं ते उलटं करून खाटेवर टाकलं. आतल्या बाजूला, जिथे गिऱ्हाईक कधी बघत नाही तिथे, चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात एक ओळ होती.

त्या दिशी काय बोललात?

त्यानं मितेश येण्याआधी झाकण सरळ केलं. ओळ पुसली नाही, आणि उत्तरही दिलं नाही. पुढच्या बुधवारी उजवा दरवाजा नेला तेव्हा दोघं त्या झाकणाबद्दल बोलले नाहीत. ती त्याच्या ओठांकडे बघत होती. तो दरवाजाच्या कडीकडे.

उजवा दरवाजा खुणा घेऊन परत आला. आतून कोरा.

मग डावा दरवाजा गेला.


डावा दरवाजा







एकही खूण नाही. मितेश खूश झाला. म्हणाला, बघा, एकदम परफेक्ट, काकूंनी पास केला. कमळूनं दरवाजा भिंतीला टेकवून ठेवला आणि वाट पाहिली. दोन दिवस गेले. चार गेले. आठवडा गेला.

पत्र्यावर बोटं उमटली नाहीत.


इंजिन

त्याच सुमारास इंजिन सुरू झालं. तीन महिने ते गंजून जाम, शेडच्या कोपऱ्यात उघडं पडलं होतं. मितेशनं आठही सिलिंडरमध्ये डिझेल भरून ठेवलं होतं, रोज सकाळी येऊन क्रँकला पाना लावायचा, हलत नाही म्हणायचा आणि जायचा. एका सकाळी ते केसभर हललं. मग झडपा घासल्या, कार्बोरेटर ताटात मांडून धुतला, उंदरांनी खाल्लेली वायरिंग नव्यानं ओढली. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा सायलेन्सर बसवलेला नव्हता. समोरच्या चिंचेवरचे बगळे उठले. एस.टी. स्टँडवरून माणसं बघायला आली.

कमळूनं हात इंजिनवर ठेवला. हाताला लागत होतं ते कोपरापर्यंत चढत होतं. त्याच्या मनात आलं, हे कानानं ऐकायची गरजच नाही.

आता रंगाआधी टप तेवढा राहिला होता. टपावर वर्षानुवर्षं पेंढ्याचे भारे रचलेले. पत्रा ताणून सैल पडला होता, दाबला की डबडब वाजायचा. तो तापवून, थंड करून कमळूनं आवळून घेतला. पण टप काही सुटा होत नाही. तो अंगणात खाटांवर ठेवून दाखवता येत नाही.

"गाडीच न्यावी लागंल," कमळू म्हणाला.

"रंगाआधी? नागडी?" मितेशनं विचारलं.

"चालवून बघायला पायजेच ना."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो शेडमध्ये एकटा गाडीत शिरला. सीटा नव्हत्या. उताणा पडून त्यानं टपाच्या आतल्या बाजूला खडू टेकवला. हे अस्तर लागल्यावर कायमचं झाकलं जाणार होतं. ते वाक्य त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. जीपवाले ज्याला खो खो हसले, ते त्यानं सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं.

बरं झालं, आता घरात मी एकटाच बोलतो.

पडल्या पडल्या त्यानं ते वाचलं. परत वाचलं. ह्यात हसण्यासारखं काय होतं, ते त्याला शोधूनही सापडेना.


टप

नागडी डॉज कसाऱ्याला पोचली तेव्हा तिच्या मागे सहा मोटरसायकली होत्या. मितेश चालवत होता. कमळू शेजारी फळांच्या क्रेटवर बसला होता, हाताचा टेकू टपाला लावून. अंगणात गाडी थांबली, इंजिन बंद झालं. बारकू मितेशला चहाला आत घेऊन गेला. जाताना त्यानं मोटरसायकलवाल्यांनाही हाकललं.

गिरजा गाडीभोवती एक फेरी फिरली. बॉनेटवरून हात फिरवला, मडगार्डवरून फिरवला. डाव्या दरवाजापाशी आली तेव्हा हात उचलून घेतला.

कमळूनं दरवाजा उघडला आणि आत जायची खूण केली. वर बघ, असं बोटानं दाखवलं.

ती क्रेटवर बसली. त्यानं दरवाजा लावला आणि बाहेर, टपाजवळ उभा राहिला. काच नव्हती, पण वाकून आत बघायची त्याची छाती झाली नाही. तळवा टपावर ठेवून तो समोरच्या घाटाकडे बघत राहिला. एक मालगाडी चढत होती, तिचं मागचं इंजिन रेटा देत होतं. ती पूर्ण वळणाआड गेली.

मग गिरजाचा आवाज आला. ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा, जरुरीपेक्षा मोठा.

"येवढंच व्हतं?"

त्यानं वाकून मान डोलावली.

"मी काय काय समजत बसले व्हते," ती म्हणाली. "दोन वरीस व्हत आलं."

 तो पुन्हा सरळ उभा राहिला. आणि त्याच्या तळव्याखाली टक् झालं. टक्, टक्. तीनदा. बोटाच्या पेरानं.

त्यानं हात सरकवला. थोड्या अंतरावर पुन्हा तीनदा झालं. त्यानं परत सरकवला. असा अख्खा टप त्यांनी केला, पुढून मागे, मागून पुढे, हातोडीशिवाय. एका जागी दोनदा वाजलं. तो थांबला. तिला जितका वेळ हवा होता तितका वेळ तो तिथेच थांबला.


डावा दरवाजा, दुसऱ्यांदा

बाहेर येताना तिनं तो स्वतः लावला. मग डोळे मिटून त्यावर तळवा ठेवला आणि वरून खाली आणला.

"ह्याला मी हातच लावला नव्हता," ती म्हणाली.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. तिचे डोळे मिटलेले होते, म्हणून त्यानं तिचं मनगट हलकेच दाबलं. तिला ते कळलं.

कडीखाली चार बोटं सोडून तिनं एक वर्तुळ काढलं. लहान, रुपयाएवढं. मग हात पुढे केला. कमळूनं गाडीतून ठोकळा काढून दिला आणि हातोडी स्वतः घेतली. ती दरवाजा उघडून त्याच्या आतल्या बाजूला गेली, उकिडवी बसली. दरवाजाखालून तिची पावलं दिसत होती.

एकदा वाजलं. मार.

हातोडी त्याच्या हातात होती. एक घाव पुरला असता. तो घाव दरवाजाच्या पोकळीत शिरून कुठे जाणार होता, हे त्याला आता ठाऊक होतं.

पुन्हा एकदा वाजलं.

त्यानं हातोडी जमिनीवर ठेवली आणि बोटाच्या पेरानं पत्र्यावर दोनदा वाजवलं.  पलीकडची पावलं उठली.

ठोकळा तिनं परत दिला नाही. पदराखाली धरून ओटीवर नेऊन ठेवला.


गाडी होळीनंतर शेठनं नेली. गडद निळा रंग, त्यावर दोन पांढरे पट्टे. गोदू बघायला आली होती. बॉनेटवर हात ठेवायला तिला भीती वाटली. शेठनं उन्हात गाडीभोवती तीनदा फिरून पाहिलं आणि त्याला कुठे खोट काढता आली नाही. डाव्या दरवाजाच्या कडीखाली चार बोटांवर पत्रा केसभर उंच आहे. कमळूनं तो तसाच ठेवून रंग मारला. तो डोळ्यांना दिसत नाही.

मग बुधवार आला. शेडमध्ये नेण्यासारखं काही नव्हतं. एका टेम्पोचा दरवाजा होता, पण त्याला नुसती पुट्टीच भरायची होती. कमळूनं हात धुतले, शर्ट बदलला आणि किन्हवलीची जीप धरली.

गिरजा ओटीवर होती. त्याला पाहून तिनं आधी त्याच्या हातांकडे बघितलं. मग मान उंच करून त्याच्या मागे रस्त्याकडे बघितलं, पिकअप येतेय का. रस्ता पार नाक्यापर्यंत रिकामा होता.

 मग तिनं शेजारचं सूप बाजूला सारलं, त्याच्यापलीकडचा ठोकळा उचलून मांडीवर घेतला आणि ओटीवर त्याच्यासाठी जागा केली.